पिवळं फडकं आणि दुमजली घर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या पेंग-होंगचा साष्टांग नमस्कार. पत्रास कारण की, मी जिवंत आहे. "इकडे सर्व ठीक" असं पत्रात आधी लिहायचं असतं म्हणून मी आजवर लिहीत आलो. आज पहिल्यांदाच अर्थ समजून लिहितो आहे. तुझा रक्तदाब कसा आहे? मंगळवारी मी फोन केला तर तू "तुला काय हवं-नको ते स्वप्नात येऊन सांग, फोनचा खर्च कशाला!" असं खडसावून फोन आपटलास, त्यावरून तब्येत ठणठणीत असावी. तुझ्या लेकाने, चिन-सेंगने, मध्ये पडून तुझी समजूत घातली म्हणून बरं. (माझ्या फोटोपुढे उदबत्ती लावून झाली होती, असं तो म्हणतो. फोटो लग्नातला नव्हता ना? त्यात माझे कान फार दिसतात.)

आता घडलं ते सगळं सांगतो, कारण तू "परत ये" म्हणणार आणि मला यायचं नाही. ही गेल्यापासून तीन वर्षं तू मला तुझ्या घरी फुलासारखं जपलंस. दिवसातून तीनदा सूप पाजलंस. रस्ता ओलांडताना अजून हात धरतेस. मी एकाहत्तर वर्षांचा आहे, ताई. गुडघ्यांसाठी जपानातल्या गरम झऱ्यांचं पाणी चांगलं, हे डॉक्टर बोलले खरे, पण त्यांच्या तोंडून ते वदवून घ्यायला मला दोन महिने लागले. निघताना तू म्हणालीस, परक्या मुलखात तुला घर कोण देणार, आठवड्यात परत येशील. घर खरंच मिळेना. इथला रहिवासी नाही, नव्वद दिवसांचा पाहुणा, तेव्हा रहिवासाचं कार्ड नाही; कार्ड नाही म्हणून बँकेत खातं नाही; हमीदार तर नाहीच. घरं दाखवणाऱ्या दुकानातली हिदाका नावाची मुलगी एकेका घरमालकाला फोन करायची, मग कमरेत वाकून माफी मागायची आणि चहा द्यायची. ज्याला परदेशी चालायचा त्याला म्हातारा चालायचा नाही. अकरा नकार झाले आणि अकरा कप चहा झाला. (शेवटी शेवटी नकारापेक्षा चहाचीच धास्ती वाटायला लागली.)

बारावी इवाकिरीबाई. वय त्र्याऐंशी, टेकडीवर छोटंसं घर, वरची खोली रिकामी. तिने कार्ड विचारलं नाही, खातं विचारलं नाही. फक्त एक पिवळं फडकं हातात ठेवलं आणि म्हणाली, "रोज सकाळी सातच्या आत हे खिडकीबाहेर लावायचं, संध्याकाळी आत घ्यायचं. म्हणजे मला कळेल की तुम्ही आहात." आमच्या गल्लीत एकटी राहणारी म्हातारी माणसं असंच करतात. फडकं दिसलं नाही तर कळवायला एका नातेवाइकाचा नंबर हवा होता. मी तुझा दिला. मला वाटलं, कधी लागणार आहे?

मंगळवारी पहाटेच गरम झऱ्याच्या सार्वजनिक स्नानगृहात गेलो. फोन खोलीवर राहिला आणि फडकं खुंटीवर. गुडघे इतके हलके झाले म्हणून सांगू! बाहेर येऊन थंडगार दूध प्यायलो आणि अंग चेपून देणाऱ्या खुर्चीत जरा टेकलो, तो थेट बाराला जाग आली. तोवर इवाकिरीबाईच्या सांगण्यावरून हिदाकाने तुला फोन करून चिनीत कळवलं होतं की फडकं लागलेलं नाही, दार उघडत नाहीत, आपण शांत राहा. (बिचारीने मेल्याचं अवाक्षर काढलं नव्हतं, पण "शांत राहा" म्हटल्यावर तू कसली राहतेस!)

मी शीळ घालत घरी आलो तर इवाकिरीबाई जिन्यात बसलेली. मुठीत माझ्या खोलीची किल्ली. सकाळी सातपासून ती तशीच बसली होती, वरच्या चार पायऱ्या चढायचा धीर होत नव्हता. आधीच्या भाडेकरूचं दार तिनेच उघडलं होतं, नऊ दिवसांनी.  मला पाहून ती एकदम ओरडली, "फडकं लावा आधी!" दुपारचे साडेबारा वाजले होते, तरी मी धावत जाऊन लावलं. मला फार लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, आपल्यासाठी कोणी पाच तास पायरीवर बसलं याचं बरंही वाटलं.

संध्याकाळी मी विचारलं, तुमचं फडकं कोण बघतं? म्हणाली, माझं कोण बघणार! बुधवारपासून तिच्याही खिडकीत पिवळं फडकं असतं. पावणेसातला मी गल्लीत उतरतो, तिचं बघतो, मगच नाश्ता. तेव्हा ताई, नव्वद दिवस पुरे झाले की मी येईन, मागशील तेवढं सूप पिईन, पण तोवर मला ओढून नेऊ नकोस. इथे माझी कोणाला तरी गरज आहे.

तुझा धाकटा,
पेंग-होंग

ता. क. चिन-सेंग म्हणाला, बातमी आल्यावर अर्ध्या तासात तू खो कारागिराकडे परलोकात मला राहायला मिळावं म्हणून जाळायचं कागदी घर सांगितलंस. दुमजली, अंगणात गाडी, आणि मालकीच्या कागदावर माझं नाव. इथे एका खोलीसाठी अकरा नकार, आणि परलोकात एका फोनवर घर! ऐकताना मला हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं. आता नाव पडल्यामुळे खो ते परत घेत नाही म्हणून तू चिडली आहेस असं कळलं. चिडू नकोस. माळ्यावर ठेवून दे, उंदरांपासून जप.

ता. क. दुसरा, आणि पत्र लिहिण्याचं खरं कारण हेच. हे सगळं मी इवाकिरीबाईला सांगितलं. पोट धरून हसली. मग तिने विचारलं, वरचा मजला भाड्याने द्याल का, माझ्यासाठी असलं काही जाळणारं कोणी नाही. मी हो म्हटलं. कार्ड नको, खातं नको, हमीदार नको. फडकंही नको, म्हटलं, तिथे सगळे मेलेलेच. तर म्हणाली, "मी लावणार. तुम्ही गल्लीत येऊन बघायचं." तेव्हा खो कारागिराला सांग, वरच्या मजल्याला गल्लीकडून एक खिडकी काढ, आणि पिवळा कागद जरा चांगला वापर.