चिंबोरीच्या औषधपाण्याची तरतूद

रामवाडी, पेण. रविवार, ११ फेब्रुवारी २०२४.

दिवाळीपासून या वहीत एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल माफी. आज लिहिते ते माझे मृत्युपत्र आहे.

मी, सगुणा जगन म्हात्रे, वय सेहेचाळीस, बी.कॉम., अविवाहित, रोह्याच्या एका कंपनीत हिशेबनीस, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. ‘दडपणाशिवाय’ लिहिताना हात थांबला. गुरुवारी पनवेलला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. माझ्यामागे माझी कुत्री सांभाळेल असे एकच घर आहे, भिंतीपलीकडे धाकट्या भावाचे, कमळाकरचे. दुसरे शोधले, मिळाले नाही.

१. कुत्री सहा वर्षांची आहे. हायवेवर तिचा पाय मोडला, तेव्हापासून खेकड्यासारखी तिरकी चालते, म्हणून नाव चिंबोरी. तिचा विमा काढावा असे माझ्या मनात होते. कमळाकर म्हणाला, मग माझ्या कोंबड्यांचाही काढ. नंतर सरळपणे म्हणाला, “पैसे बँकेत टाक ताय. कुत्री मेली तरी पैसे जिवंत ऱ्हातात.” मी आकडेमोड केली, त्याचेच बरोबर निघाले. विम्याचा हप्ता दरवर्षी जातो, आणि जुन्या मोडलेल्या पायाचा खर्च विमा कंपनी देत नाही. म्हणून मी ठेव ठेवली. खर्च करणारा हात माझा होता तोवर ते ठीक होते.

२. कमळाकर निर्दय नाही. माझ्या तपासण्यांना तोच रजा टाकून आला. पण बाबांचा बैल चरेनासा झाला तेव्हा तो “बघू” म्हणाला, आणि बैल मरेपर्यंत बघूच म्हणत राहिला. औषधाला पैसे होते. मी त्याच्यावर अन्याय करते आहे का? हे कलम दोनदा खोडले, पुन्हा लिहिले.

३. ठेव त्याच्या बायकोला, मैनाला, द्यायचे ठरवले होते. ती मासळी साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, “वन्सं, पैसे माझ्या हातात दिले तर सांजच्याला त्यांच्या हातात जातील. इम्याचा कागद त्यांना खर्चता येनार नाय.”

म्हणून चिंबोरीचा तीन वर्षांचा विमा मैनाच्या नावे काढून हप्ता आत्ताच एकरकमी भरावा असे ठरवले आहे. त्यापुढचे आणि मोडक्या पायाचे माझ्या हातात नाही.

४. उरलेली ठेव कमळाकरला, कोणत्याही अटीशिवाय. म्हणजे कुत्री लवकर गेली म्हणून त्याला एक पैसाही जास्त मिळणार नाही.

५. घराचा माझा अर्धा हिस्सा एकट्या मैनाला. आई गेल्यावर कमळाकरने मला न विचारता मधली भिंत घातली. ती ठेवायची की पाडायची, हे मैनाने ठरवावे. तो रागावेल. रागावू दे.

६. बाबांचे मिठागरावरचे फावडे कमळाकरला. ते त्याने मागितले नाही, पण त्याचेच आहे.

खालील दोघांसमोर मी सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर.

सगुणा जगन म्हात्रे
साक्षीदार: दत्तात्रेय केरू ठाकूर, शेजारी, रामवाडी
साक्षीदार: पुतळी बाबाजी भोईर, सहकारी, रोहा

उद्या: मैना आणि चिंबोरीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेणे, विम्यासाठी लागणाऱ्या दाखल्यावर मालक म्हणून माझे नाव काढून मैनाचे घालणे.