पुढच्या काचेची आतली बाजू

४ फेब्रुवारी, मंगळवार

डाग आतून आहे!

अर्धा तास बाहेरून पुसत होतो. आधी रुमालानं, मग चष्म्याच्या कापडानं, मग तोंडाची वाफ सोडून. ही भाजी निवडता निवडता म्हणाली, आतून असेल. ही बँकेत नोकरी करते. नववीला भिंगं शिकवणारा मी – सत्तावीस वर्षं.

कॅमेऱ्याची ही लेन्स जुन्या सामानाच्या दुकानातली. दुकानदारानं अंधाऱ्या कोपऱ्यात दाखवली, मी चष्मा न लावता पाहिली. दोघंही खूश. घरी खिडकीशी धरल्यावर दिसलं – पुढच्या मोठ्या काचेच्या आतल्या अंगाला धुरकट पापुद्रा, आणि काठाशी कोळिष्टकासारखे बारीक धागे. बुरशी म्हणे. आणि मी शिक्षकखोलीत सांगून बसलोय की या महिन्यात सूचनाफलकावर चंद्राचे फोटो लागणार. माझे.

५ फेब्रुवारी, बुधवार

मोबाईलवर एक दाढीवाला माणूस अशीच लेन्स सहा मिनिटांत उघडतो. पुढची नाव कोरलेली कडी रबरानं दाबायची आणि फिरवायची, बस. माझ्याकडे रबर म्हणजे बेसिनचं बूच. पाऊण तास फिरवलं. कडी जागची हलली नाही. बुचाची मात्र कड निघाली, आता बेसिनात पाणी ठरत नाही. हिला अजून कळलेलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कळलं.

९ फेब्रुवारी, रविवार

उघडली!!

नवीन बूच आणलं (दोन आणली, एक बेसिनाला). कडी निघाली. तिच्या आत दुसरी कडी, तिला समोरासमोर दोन खाचा. त्यासाठी खास पाना मिळतो. मी कंपासपेटीतलं कर्कटक वापरलं. एकदा निसटून अंगठ्यात घुसलं. काचेत घुसलं नाही याचा इतका आनंद झाला की रक्त पुसायचं राहिलं.

दार लावून घेतलं होतं. बाबांमुळे. बाबांनी एक्केचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. दुकान बंद केल्याला नऊ वर्षं झाली, आता दिवसभर पुढच्या खोलीत खिडकीशी असतात. माझ्या हातात कर्कटक बघून ते काही बोलले नसते. नुसतं बघितलं असतं. त्याची मला अजून भीती वाटते – वय वर्षं चोपन्न.

काच शाळेतून आणलेल्या स्पिरिटनं पुसली. प्रयोगशाळेच्या बाईंनी बाटली देताना विचारलं होतं, कुणाला इंजेक्शन द्यायचंय का सर. स्पिरिटचे ओघळ उठले. मग शुद्ध पाण्यानं पुसली. लख्ख! सगळं पुन्हा बसवलं. एक तास दहा मिनिटं. दाढीवाल्याला सहा लागतात, पण त्याचे वडील शेजारच्या खोलीत नसतील.

११ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी गच्चीवर चंद्र काढला. भिजलेला कापूस आला. समोरच्या इमारतीवरची टाकी काढली. तीही कापूस. ही फोटो बघून म्हणाली, छान आहे, काय आहे?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काच उलटी बसवली आहे.

वर्गात कळलं. फळ्यावर आकृती काढून ऐटीत सांगत होतो की भिंगाच्या दोन्ही बाजू सारख्याच फुगीर असतात असं धरून चालू नका, आधी नीट बघा. आणि बोलता बोलता गप्प झालो. माझ्या काचेची एक बाजू चांगली फुगीर, दुसरी जवळजवळ सपाट. सपाट बाजू बाहेर आहे. मुलांना वाटलं सरांना बरं वाटत नाही. खरंच वाटत नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार, दुपार

पुन्हा उघडायला बसलो आणि दार लावायचं विसरलो. आतली कडी तिरकी अडकली. कर्कटक दोनदा घसरलं. मान वर केली तर दारात बाबा.

म्हणाले, "थांबा जरा."

थांबा! मला अहो-जाहो! कर्कटक वापरल्याची ही शिक्षा योग्यच, असं म्हणून मी टोमणा गिळला. त्यांनी खुर्ची ओढली आणि शेजारी बसले. हात थरथरतात, म्हणून कशालाच हात लावला नाही. नुसतं सांगत गेले. आधी खाली चादर अंथरा, पडलेलं गडगडत नाही. काच काढण्याआधी काठावर पेन्सिलीची खूण करा. श्वास बाजूला सोडा. कापडाची एक घडी एकदाच, मधून बाहेर, मग दुसरी घडी. कडी बसवताना आधी उलटी फिरवा – आटा टक् करून जागेवर बसेल, मगच सुलटी.

टक् झालं. बोटांना कळलं.

लहानपणी त्यांच्या टेबलाशी बसलो की दहा मिनिटांत त्यांचा आवाज चढायचा. हळूहळू मी जायचंच बंद केलं. आज दोन तास झाले, एकदाही चढला नाही. फुगीर बाजू बाहेर, पापुद्रा नाही, धागे नाहीत. खिडकीतून समोरच्या टाकीवरची अक्षरं वाचता आली. मी ती मोठ्यानं वाचली. बाबा हसले. मी उगाच चष्मा पुसत बसलो – आतून, बाहेरून.

रविवारच, चार वाजता

हिनं दोघांना चहा दिला. बाबांनी माझा कप माझ्याकडे सरकवला, पाहुण्याकडे सरकवतात तसा. म्हणाले, "तुमचा हात चांगला आहे. कुठल्या दुकानात असता?"

मला आधी हसूच आलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. ते खरंच विचारत होते.

ते जरा पुढे वाकले, आवाज खाली आणून म्हणाले, "आमचा मुलगा शाळेतून येईल एवढ्यात. त्याला थोडं दाखवाल का? मी शिकवायला गेलो की चिडतो, आणि पोरगं उठून जातं. तुम्ही शांत दिसता."

ही दारात उभी होती. ट्रे तसाच हातात.

मी म्हणालो, "येऊ दे त्याला. मी थांबतो."