स्टेपनीच्या जागी ठेवलेलं पत्र

चि. धाकट्या,

आशीर्वाद. हे पत्र लिहिणं भाग पडलं, कारण तुझ्या गाडीची स्टेपनी आता स्टेपनी राहिलेली नाही, आणि शनिवारी तू आमच्याकडे ठेवलेली गाडी न्यायला येशील तेव्हा मी तालमीला गेलेली असेन. तू आधी डिकी उघडून बघतोस आणि मग बहिणीची चौकशी करतोस, हे मला ठाऊक आहे. म्हणून पत्र तिथेच ठेवलं आहे. तुझी कंबर कशी आहे? तुझ्या बायकोचा खोकला गेला का? आम्ही दोघं ठणठणीत आहोत. आता डिकीच्या काठावर बस आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच फोन करायचा नाही.

गेल्या वर्षीपासून मी ताइको शिकते आहे. ताइको म्हणजे जपानी ढोल. पाय फाकवून उभं राहायचं, दोन जाड काठ्या डोक्यावर न्यायच्या आणि अख्ख्या अंगाने हाणायचं. (शाळेच्या व्हरांड्यातून ‘हळू चाला, हळू बोला’ करत जिची नोकरी संपली, तिला हे किती मानवतं ते तुला सांगून कळायचं नाही.) खरे ढोल हॉलमध्ये कुलपात असतात, म्हणून आमच्या शिक्षिकेने सरावाचा ढोल घरीच करायला सांगितला: एक जुना टायर, पार्सलवर लावतात ती रुंद चिकटपट्टी आणि खाली काहीतरी भक्कम. मी गॅरेजात गेले. तिथे दाखवला तो टायर गुळगुळीत झालेला, आत पाणी, पाण्यात डास. परत येताना मला तुझी स्टेपनी आठवली. गाडी घेतल्यापासून ती आडवी पडून आहे, गावभर फुकट हिंडते आणि कामाच्या नावाने शून्य. आपल्या घरात असं कुणाला खपवून घेतलं आहे का? गॅरेजवाल्याने रिम सोडवून दिली. (रिम बाल्कनीत सुखरूप आहे. तिच्यात कोरफडीची कुंडी अगदी मापात बसली.)

चिकटपट्टी लावणं हे एकट्याचं काम नव्हे. एका कडेला चिकटवायची, समोरच्या कडेपर्यंत जीव खाऊन ताणायची, मग टायर जरा फिरवून पुन्हा, सायकलच्या आऱ्यांसारखी. ताणण्याचं काम तुझ्या भाऊजींकडे दिलं. त्यांनी ते पेपर वाचता वाचता केलं. परिणामी ओल्या उशीवर चापट मारावी तसा आवाज आला. सगळं सोलून काढलं. सोलताना त्यांच्या हातावरचे केसही निघाले, तेव्हा कुठे त्यांनी पेपर खाली ठेवला. दुसऱ्या खेपेला मात्र असं ताणलं की काय सांगू! थरावर थर चढवले. (त्यांचं चष्मा पुसायचं कापड मधल्या थरात अडकलं आहे. बाहेरून स्वच्छ दिसतं. चष्मा मात्र तेव्हापासून पुसलेला नाही.) बैठकीतल्या पडद्याची लाकडी दांडी कापून काठ्या केल्या, टायर चौरंगावर चढवला आणि पहिला ठोका दिला. धम्म! कपाटातल्या वाट्या बोलल्या. ते आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. मग ते म्हणाले, “आता मी एक मारू?” मी मारू दिला. एकच.

हात माझा उत्तम आहे, हे शिक्षिकाही मान्य करते. दोष एकच, माझी लय पळते. “बाई, तुम्ही ढोल वाजवत नाही, बस पकडता,” असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. आमच्या खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत. सरावाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी झाडूच्या दांडीने छत ठोकायला सुरुवात केली. मी चिडून जोरात वाजवलं, भरभर वाजवलं. खालून आपलं ठक, ठक, ठक, त्याच चालीत. शेवटी दमून मी त्यांच्या ठोक्यावर आले आणि धाकट्या, आयुष्यात पहिल्यांदा माझी लय बसली. संध्याकाळी डॉक्टर वर आले. मी भांडायच्या तयारीत होते. ते म्हणाले, “आवाजाचं काही नाही हो. पण तुम्ही पळायला लागलात की पेशंट खुर्चीतून उठतो.” तेव्हापासून त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत मी वर आणि ते खाली. पुढे माझी लय इतकी सुधारली की येत्या रविवारच्या कार्यक्रमात मधला सगळ्यात मोठा ढोल मला मिळाला. मला! मी जिन्यात एकटीच हसत होते.

काल हॉलमध्ये तालीम झाली. पायाखालून ठक-ठक येईना. मी सुटले. बाकीच्या बायका माझ्यामागे धावल्या आणि बासरीवालीच्या तोंडाला बासरी लागायच्या आत गाणं संपलं. शिक्षिकेने सांगितलं आहे की शनिवारच्या तालमीला नुसते हात हलवा, पण रविवारी पळालात तर पुन्हा मोठा ढोल नाही. तो मग आमच्यातल्या बँकेच्या कॅशियरबाईला. ती बाई नोटा जितक्या सावकाश मोजते तितकंच सावकाश वाजवते.

असो. मला तुझ्याकडून काहीही नको आहे. तुझ्या वस्तूचं काय झालं ते तुला कळावं, एवढाच हेतू.

तुझी,
ताई

ता. क. चेहरा पाडू नकोस. मागच्या सीटवर बघ. नवी कोरी स्टेपनी पट्टा लावून बसवली आहे. जुनी मागायची नाही.

ता. क. २. हॉलचं स्टेज लाकडी आहे, आतून पोकळ, आणि बाजूला एक बुटकं दार आहे. डॉक्टर उत्साहाने आत शिरले, पण पोटाशी अडकले. दोघांना त्यांचे पाय धरून ओढावं लागलं. तू लहानपणापासून काडीच आहेस. आत गादी घातली आहे, कंबरेला त्रास व्हायचा नाही. रविवारी चार वाजता ये. मोठ्या ढोलाच्या बरोबर खाली खडूची फुली आहे. तिथे ठोकायचं, एका चालीत, मी कितीही पळाले तरी. चाल डॉक्टर शिकवतील. शनिवारी ते खाली दवाखान्यात तुझी वाट बघत असतील. नाही म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर म्हण.

सुपूर्द केलं ते असं: गाडी एक, धुतलेली. किल्ली व कागदपत्रं. चाकं चार, जागच्या जागी. स्टेपनी एक, नवी. लांब दांडीचा झाडू एक, डॉक्टरांचा, फक्त रविवारपुरता.