लाइन थांबवली होती म्हणे

सोमवार, ३ फेब्रुवारी
मनोबल! सकाळपासून हाच शब्द. मिलवॉकीहून केंड्रा नावाची बाई आली आहे, आम्हा लाइनच्या सरकत्या पट्ट्यावर चीज भरणाऱ्यांचं मनोबल वाढवायला. वर्षभरात अकरा जण सोडून गेले, तेव्हा कुठे कंपनीला जाग आली. सगळ्यांना निळे टीशर्ट वाटले. छातीवर ‘आपण एक कुटुंब’. लाइनवर माझ्या शेजारी उभी राहणारी लोरेन म्हणाली, “माझ्या कुटुंबात दोन घटस्फोट झाले. टीशर्ट कुणी नाही दिला.”
घरी येऊन शब्दकोशात मनोबल पाहिलं. माझा नवरा ऑर्विल असता तर हसला असता.

बुधवार, ५ फेब्रुवारी
केंड्राला चिठ्ठ्या हव्यात – इथे मनाला काय सलतं? नाव घालायचं नाही. पण फोरमन ड्वेन सगळ्यांची अक्षरं ओळखतो, म्हणून कोणी लिहीना. मी म्हटलं, माझ्याकडे द्या, मी माझ्या अक्षरात उतरवते.
लोरेन म्हणाली, “तू सगळ्या वाचशील, वर्ना?”
वाचल्याशिवाय कशा उतरवणार!

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
आइस्क्रीमच्या रिकाम्या बादलीत एकतीस चिठ्ठ्या.

शनिवार, ८ फेब्रुवारी
पहिली – हातमोजे फाटके. दुसरी – ‘ऑर्विल पडला तेव्हा लाइन चालूच होती.’ तिसरीतही तेच. एकूण एकोणीस.
एकीत – ‘त्याच्याकडे बघत बघत मी खोकी भरत राहिलो.’ एक लोरेनच्या अक्षरात – ‘लाइन थांबवायची लाल दोरी माझ्या हाताशी होती. ड्वेन ओरडला, हात लावू नकोस. मी लावला नाही.’
मी त्या दिवशी बहिणीकडे होते. दफनाच्या वेळी ड्वेन माझा हात धरून म्हणाला होता, “पडल्याक्षणी लाइन थांबवली, वर्ना. सगळ्यांनी टोप्या काढल्या.” चौदा महिने त्याच आधारावर झोपत होते.
पेन उचलवेना.

रविवार, ९ फेब्रुवारी
लोरेन दारातच उभी राहिली. “तोंडाने सांगवत नव्हतं. ते अकरा जण पगारासाठी गेले वाटतं तुला? आम्हाला एकमेकांकडे बघवत नाही.”
कॉफी ओतली. दोघींनीही प्यायली नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी
एकतीसच्या एकतीस उतरवून दिल्या. केंड्राने वाचल्या, ड्वेनकडे पाहिलं. तो म्हणाला, “लोक वाढवून सांगतात.” ती म्हणाली, “झालं ते झालं, आता पुढे बघू या. गुरुवारी केक ठेवते.”
केक.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
दहा वाजून वीस मिनिटं. ऑर्विल पडला ती वेळ. मी लाल दोरी ओढली.
ड्वेन धावत आला, “चालू करा, चालू करा!”
आधी लोरेनने डोक्यावरची जाळीची टोपी काढली. मग एकेक करत सगळ्यांनी.
कोणीही बटणाला हात लावला नाही.