आईचा फोन

४ एप्रिल, शुक्रवार

आजही फोन झाला. दिवेलागणीला ओमेश्वरी तिच्या बापाचा मोबाइल घेऊन गोठ्यात गेली. इकडे ओसरीवर माझा वाजला. मी तो रिंकीच्या कानाला लावला.

"आई, कधी येशीन वो?"

आणि गोठ्यातून तेरा वर्षांची बहीण आईचा आवाज काढून सांगते — "येतो बेटा. डॉक्टर सोडूनच नाही राहिला. जेवलीस का?"

पुष्पांजली, माझी भावजय, मार्चात नागपूरच्या दवाखान्यात वारली. डोक्यातली नस फुटली. रिंकी सहा वर्षांची, तिला सांगायचं नाही असं ठरलं. या घरात भिंतीचा रंग ठरवायला दोन दिवाळ्या जातात. हे मात्र पाच मिनिटांत, एकमतानं! माती उचलायच्या आधी पोरीला कोहमाऱ्याला मावशीकडे धाडलं. तेरवी आटोपल्यावर परत आणलं. आई कुठे? दवाखान्यात.

मग तिनं जेवण सोडलं. 'आईसंग बोलू द्या' एवढाच धोशा. तेव्हा आमच्या आईचं — देवकाबाईंचं — डोकं चाललं. ओमेश्वरीला म्हणाली, "तुहा आवाज तिच्यावानीच आहे. एकडाव बोलून दे."

एकडाव! रिंकी त्या दिवशी वरण-भात जेवली. सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही.

६ एप्रिल

रिंकीनं विचारलं, "बाबानं टक्कल काऊन केलं?"

माझा भाऊ तिलक माझ्याकडे बघतो, मी आईकडे. आई म्हणाली, "उवा झाल्या होत्या."

"मंग माहे पण काढा."

दुपारभर समजूत काढत होतो. पेटीच्या तळाशी दडवलाय पुष्पांजलीचा फोटो. त्याचा हार म्हशीनं खाल्ला. पेपरात 'तिखट-मीठ' सदर लिहिते मी. एवढं तिखट मला कधी सुचलं नसतं.

११ एप्रिल

गोंदियाहून भैयाजी आले, तिलकचे धानाचे व्यापारी. चहा पिता पिता म्हणाले, "बच्चे हैं जी, भूल जाते हैं." मी म्हटलं, "भैयाजी, पाच साल पहले की उधारी आपको याद है, और ये बच्ची माँ को भूल जाएगी?" ते हसले. त्यांना वाटलं, कौतुक केलं.

शेजारची धुरपता तर दारातूनच गळा काढत आली — "माय वो, लेकरं उघडी पडली —" आईनं तिला तशीच न्हाणीकडे ओढत नेलं. रिंकी अंगणात सागरगोटे खेळत होती. तिनं मान वर केली नाही.

१२ एप्रिल

तिलकशी भांडले. म्हटलं, सांगून टाक. किती दिवस हे नाटक?

"बाई, तू पेपरात लिव्हतेस तशी घरात नको बोलू. तिनं पुन्हा खाणं सोडलं तं तू भरवशीन का?"

 तो शेताकडे, धानाच्या बांधीकडे निघून गेला. उन्हाळ्याचं काय काम असतं बांधीत? काही नाही. तिथे जाऊन रडतो, एवढंच.

१५ एप्रिल

ओमेश्वरीची वार्षिक परीक्षा चालू आहे. पुस्तक उघडं, डोळे भिंतीवर. येणाऱ्या बाया कुजबुजतात — मोठी कशी टणक आहे पहा, एक टिपूस नाही.

मी विचारलं, "तुला रडू येत नाही का गं?"

"येते ना. पण मंग आवाज बिघडते. फोनवर समजते."

एवढं बोलून भूगोल वाचायला लागली.

१६ एप्रिल

काही लिहवत नाही.

२१ एप्रिल

अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. वर्षात माणूस गेलं त्या घरी त्या दिवशी नवी घागर भरायची, पळसाच्या पानावर त्याला वाढायचं. सगळं गाव येणार. कुणाच्या तरी तोंडून निघणारच. म्हणून मी ठरवलं, त्याआधी मीच सांगायचं. चार चांगले शब्द जवळ बाळगणारी घरात मी एकटीच ना!

तिला मांडीवर घेतलं. "रिंकी, तुझी आई खूप आजारी होती ना —"

"आत्या, आंबे पाडाले आले का?"

"आले असतील. ऐक, तुझी आई —"

"मले कैरी पाहिजे. तिखट लावून."

गेले, कैरी कापली, तिखट लावलं. मोठमोठ्या पुढाऱ्यांची सालं काढणारी मी! एका कैरीवर वाटेला लागले.

२२ एप्रिल

आज ओमेश्वरी फोनवर मध्येच थांबली. मला वाटलं, सुटलं सगळं. पण खोकली, म्हणाली, "सलाइन लावून राहिले बेटा, ठेवतो." गोठ्यात गेले तर म्हशीच्या पाठीवर डोकं ठेवून उभी. मला बघून म्हणाली, "आत्या, मले आता आईचा खरा आवाज आठवत नाही. माहाच आठवते."

तिला जवळ घेतलं.  म्हैस रवंथ करत होती.

३० एप्रिल, अखजी

दोन घागरी मांडल्या — एक आमच्या बाबांची, दरवर्षीची; एक हिची, नवी. आईनं पुरण, आमरस, कुरड्या वाढल्या. पुष्पांजलीचं नाव मनातल्या मनात घेतलं. रिंकीला कोहमाऱ्याला पाठवायचं ठरत होतं, पण मावशीच इथे आली.

"हे कोणाची घागर?" रिंकीनं विचारलं.

"तुह्या आजोबाची."

"आन् हे?"

तिलक उठून मागल्या दारानं गेला. मावशीनं पदर तोंडात कोंबला. शेवटी धुरपता म्हणाली, "पाहुण्याची आहे बाई."

रिंकीनं मान हलवली.  आणि पोटभर जेवली.

संध्याकाळी फोन झाला.

१ मे

सकाळी रिंकीची वेणी घालत होते. पाठमोरीच म्हणाली, "आत्या, आई मेली ते मले माहीत आहे. कोहमाऱ्यालेच माहीत झालं, मावशी रडून राहिली होती तवा."

माझ्या हातातली वेणी सुटली.

"पण दीदीले नको सांगू. मंग ते फोन नाही लावन."

दिवेलागणीला मोबाइल वाजला. मी उचलला आणि तिच्या कानाला लावला.