लाल शाईच्या तारखा

३ मार्च
आईनं पवित्र पुस्तकाचा पाठ परत पहिल्यापासून सुरू केला. परवा गोळीबारात दिवसभर जिन्याखाली बसलो, पाठ चुकला. आता कालपासून पुन्हा चाळीस दिवस – धाकटा भाऊ पुलापलीकडच्या तुरुंगातून सुटावा म्हणून. म्हटलं, आधीच सुटला तर? "पाठ पुरा व्हायच्या आत मिळालेलं टिकत नाही." घ्या.

कचेरीत तेच. शाळेच्या वर्गात समेटाची बोलणी, फळ्यावर अजून सतराचा पाढा. माझं काम तारखांचं. आमचे पवित्र दिवस लाल शाईनं, त्यांचे हिरव्या. दोघांना चालेल असा कोरा दिवस शोधायचा. वही बघून डोळे दुखतात.

९ मार्च
जमलं! अठराला सह्या, त्याच दिवशी दोन्हीकडचे कैदी पुलावरून घरी. पाणी, जमीन, चौक्या – सगळं तीन महिन्यांपूर्वीच ठरलंय, अडलं होतं ते तारखेवर. त्यांचा कारकून चष्मेवाला, त्याचा मेव्हणा तिथल्या तुरुंगात औषधं देतो. म्हणाला, "ताई, तुमच्या भावाचा ताप हटत नाही. पण अठरापर्यंत काढेल."

१४ मार्च
किळस आली. आमचे धर्मगुरू – मी त्यांना खोकला म्हणते, नकार द्यायच्या आधी खोकतात – आज खोकले. अठरा नको, अकरा एप्रिल. का? "श्रद्धावंतांची तशी भावना आहे." त्यांच्या धर्मगुरूंनी डोळे मिटून मान डोलावली. त्यांना तरी कुठे घाई होती! मोठमोठे सेनाधिकारी, त्यांनीही नवी तारीख टिपून घेतली. बिस्किटं मऊ पडली म्हणून मात्र तक्रार झाली.

१६ मार्च
चौकीवर तिघे गेले. खोकल्यानं त्यांच्यासाठी प्रार्थना केली. थुंकावंसं वाटलं.

२२ मार्च
फाइल लावताना ती 'श्रद्धावंतांची भावना' सापडली. अर्ज. कैद्यांच्या आयांचा, एकोणीस सह्या – अकरा एप्रिलच्या आत समेट करू नये. अक्षर आईचं.

घरात पाय ठेवताच विचारलं. ती भाजी चिरत होती, हात थांबला नाही. "दहाला पाठ पुरा होतो. अकराला आला की कायमचा आला. आणून परत घालवायचा नाहीये मला." बाकीच्यांना हिनंच पटवलं. म्हटलं, तो तिकडे तापानं फणफणलाय, इकडे रोज माणसं मरतायत, आणि तू दिवस मोजतेस? "मग कुणासाठी वाचतेय मी?" म्हणाली.

जेवले नाही. इतके दिवस त्या दाढीवाल्यांना शिव्या देत होते. स्वतःच्या आईची किळस येते – लिहून टाकलं एकदाचं.

२ एप्रिल
आई अंथरुणावर, तिला उठवत नाही. पुस्तक माझ्याकडे सरकवलं. घरच्या कुणीही वाचलं तरी चालतं म्हणे. बत्तिसावा दिवस. साफ नाही म्हटलं. मग तिचं रडणं ऐकवेना, भराभर उरकून टाकलं. मी त्यातलं एक अक्षर मानत नाही.

४ एप्रिल
वाचताना एक ओळ सुटली. कुणाला कळणार होतं? तरी मागे जाऊन वाचली.

५ एप्रिल
खोकल्याचा सख्खा पुतण्या चौकीवर मेला. आज बैठकीत ते खोकले नाहीत. नुसते बसून होते, चहासुद्धा घेतला नाही. पहिल्यांदाच त्यांची कीव आली.

६ एप्रिल
चष्मेवाला जवळजवळ पळतच आला. त्यांची बाजू परवा, आठलाच सह्या करायला तयार. आमच्या धर्मगुरूंनीही सांगितलंय – वहीत लाल खूण नसेल तर हरकत नाही. "भाऊ आता उठून बसत नाही, ताई. उरकून टाकू या."

वही उघडली. आठ तारीख कोरी होती. आठ म्हणजे अडतिसावा.

"तुमचं काही आहे का त्या दिवशी?" त्यानं विचारलं.

आहे, म्हटलं. आणि लाल शाईची बाटली उघडली.