शहतुताची निबर पानं

३ मार्च
दादाच्या शेडातल्या रेशमाच्या अळ्या आज चौथ्या झोपेतून, म्हणजे शेवटची कात टाकून उठल्या. वहिनी हौदावर भेटली तेव्हा कळलं. आता आठवडाभर राक्षसासारख्या खातील, मग कोष. दादा (यापुढे दा.; तो बोलत नाही, मी तरी शाई का खर्चू?) दिवाळीपासून गप्प. कारण साप्ताहिकातला माझा लेख, ‘अळ्यांना जावयाचा मान’. गाव हसलं. दा. नाही.
बियाण्याच्या कांद्यावर फुलकिडे. फवारा मारून घेतला. वारा होता जरा.

५ मार्च
वहिनी आली. बसली नाही.
“भाऊजी, फवारा माराचा होता तं निरोप द्याचा नाही का? तुती तुमच्या बांधालेच लागून आहे.”
रीतच आहे. रेशीमवाल्याशेजारी औषध मारायचं तर आदल्या दिवशी कळवायचं, म्हणजे तो पाला कापून ठेवतो. सगळं गाव पाळतं. त्या लेखात मीच या रीतीची टिंगल केली होती. वाक्य चांगलं जमलं होतं.
अळ्यांचा एक अख्खा रॅक मेला. हिरवं ओकून. बाकीच्या जित्या, पण बागेतला पाला आता घालायची सोय नाही.
म्हटलं, मुद्दाम नाही केलं.
“मुद्दाम केलं असतं तं भांडता तरी आलं असतं.”

६ मार्च
परसात आजोबांचं काळं शहतूत, तुतीचीच जात. बुऱ्हाणपूरच्या मेवेवाल्याकडून मनगटाएवढी फांदी आणून खोचलेली. एरवी सगळी झाडं पालवली की मग हे सावकाश उठतं; यंदा आधीच पालवलंय, फळंही धरलीत. फळ काळंभोर, पान मांजराच्या जिभेसारखं खरखरीत. लहानपणी दा. मला खांद्यावर घ्यायचा. पिकलेली मला, तांबडी त्याला. आईला कळू नये म्हणून जांभळ्या हातांवर कच्ची फळं चोळून द्यायचा. डाग खरंच जातो.
हे निबर पान अळी खाईल? मोठी झालेली खाते म्हणे, नाइलाजानं.

७ मार्च
सकाळभर शेंडे खुडले, पिकली फळं हातात फुटली. झाड बोडकं. पाला ओल्या पोत्यांत भरून शेडाच्या दाराशी ठेवला. वहिनीला म्हटलं, कुणी दिला सांगू नका.
संध्याकाळी ती म्हणाली, “सांगाले काऊन लागते? पान पाहूनच वयखलं त्यायनं. म्हणे, सारं झाड बोडखं केलं का त्यानं?”
चौकशी झाडाची. माझी नाही. बरोबर आहे.

८ मार्च
निम्म्या खातात. निम्म्या डोकं उचलून नुसत्या बसल्यात. माझे वाचकही असेच.
माफी छापावी? गाव पुन्हा हसेल. पुन्हा दा.लाच.

१० मार्च
राखून ठेवलेलं शेवटचं पोतं घेऊन गेलो. दादा आत चंद्रिका मांडत होता, अळ्या कोषाला चढतात त्या जाळ्या. पाठ माझ्याकडे. वहिनीला म्हणाला, पण मोठ्यानं, “त्याले सांग, तंबाखू थुक म्हणा. हात धुऊन ये म्हणा. वासानं मरतात त्या.”
चार महिन्यांतलं पहिलं वाक्य. तेही हस्ते परहस्ते.
घरी येऊन तीनदा चूळ भरली. साबणानं तंबाखू गेली, जांभळं जाईना. झाडावर कच्ची फळं तेवढी राहिलीत, ती चोळतोय. अळ्या चढल्या का, ते आत गेल्याशिवाय…
माशी शिरते म्हणून शेडाचं दार तो सदा कडी लावून ठेवतो. इथून पाहिलं. आज कडी लावलेली दिसत नाही.